सोटमूळ कापून वाढवलेला पाइन

श्रोतेहो, नमस्कार.

आज ज्या कामाविषयी बोलणार आहे, ते नुसतं ऐकलं तर क्रूर वाटतं. बी पेरायचं, उगवेपर्यंत डोळ्यांत तेल घालून जपायचं, आणि रोप बोटभर झालं की ब्लेडने त्याचं मूळ कापून टाकायचं. थोडंथोडकं नाही, सगळं. मग उरलेला देठ पुन्हा वाळूत खोचायचा. जपानमध्ये काळ्या पाइनचं, म्हणजे कुरोमात्सूचं, बोन्साय बियांपासून घडवताना ही रीत वापरतात. तिला जिकुकिरी म्हणतात.

हे कशासाठी करायचं? जाणकार माणूस बोन्सायसमोर उभा राहिला की त्याची नजर आधी शेंड्याकडे जात नाही. तो वाकतो आणि बुंधा मातीत शिरतो ती जागा बघतो. तिथून मुळं चहूबाजूंना पसरलेली हवीत, जवळजवळ एका पातळीत, जमीन घट्ट धरून. या पसाऱ्याला नेबारी म्हणतात. फांदी वाकडी असली तर तारेने वळवता येते, शेंडा बिघडला तर दुसरा धरता येतो. पण जाड बुंध्याखाली एकाच बाजूला मूळ असेल, तर ते सुधारायला वर्षानुवर्षं जातात, आणि पाइनसारख्या झाडात तेवढं करूनही ते मनासारखं होईलच असं नाही. म्हणून नेबारीचा विचार झाड काडीएवढं असतानाच करायचा, असं माझं ठाम मत आहे.

पाइनचं बी रुजलं की आधी सोटमूळ सरळ खाली जातं. कुरोमात्सू हे मूळचं जपानच्या आणि दक्षिण कोरियाच्या किनाऱ्यांवरचं झाड. वाळूत उभं राहायचं, खारा वारा सोसायचा, पाणी मिळेल तिथून ओढायचं, तर खोल गेलेलं मूळ हवंच. कुंडीत मात्र तेच अडतं. खाली जायला जागा नसते, ते तळाशी वेटोळं घालतं, आणि वर बुंध्याशी मुळं धरत नाहीत.

आपल्याकडच्या वडाचं बोन्साय करणाऱ्यांना ही अडचण फारशी जाणवत नाही, कारण वडाची फांदी ओल्या मातीत रोवली तरी मुळं फुटतात. मोठ्या पाइनची फांदी कापून लावा, बहुतेक वेळा ती वाळून जाते. छाटकलमाने पाइन करणं हे भल्याभल्या माळ्यांना जड जातं. पण हाच पाइन बीजावस्थेतून नुकता बाहेर आलेला असताना त्याच्या देठात नवी मुळं काढायची ताकद असते. वय वाढेल तशी ती झपाट्याने ओसरते. जिकुकिरी उभी आहे ती या थोड्या आठवड्यांच्या मुदतीवर.

आत काय घडतं तेही सांगतो. रोपाच्या कोवळ्या शेंड्यात ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं आणि देठातून खाली उतरत राहतं. देठ कापला की त्याची वाट तिथेच खुंटते आणि ते कापाशी साठतं. तिथल्या पेशी त्यामुळे नव्याने विभागू लागतात आणि देठाच्या घेरातून आगंतुक, म्हणजे एरवी जिथे मूळ नसतं तिथून फुटणारी, मुळं निघतात. एका सोटमुळाच्या जागी चार, पाच, सहा मुळं, आणि तीही एकाच पातळीवरून. पुढच्या नेबारीची आखणी इथेच होते.

आता प्रत्यक्ष काम. बी एक दिवस पाण्यात भिजवायचं. तळाशी बसेल ते घ्यायचं, तरंगेल ते बहुधा पोकळ. थंडी सरता सरता जाडसर, धुतलेल्या वाळूत सेंटिमीटरभर खोल पेरायचं. उब मिळाली की दोन ते चार आठवड्यांत कोंब वर येतात. बऱ्याच कोंबांच्या डोक्यावर बियांचं टरफल टोपीसारखं अडकलेलं असतं. ते बोटांनी ओढायचा मोह होतो, पण ओढू नका. आतल्या बीजपत्रांची टोकं तुटतात. पाणी शिंपडत राहा, ते आपोआप गळतं.

मग सुयांसारखी बीजपत्रं छत्रीगत उघडतात. आणखी काही दिवसांनी त्यांच्या मधोमध खऱ्या पानांचा बारीक झुबका दिसू लागतो, आणि हिरवा, लुसलुशीत देठ थोडा टणक होतो. काळ्या पाइनमध्ये त्यावर बहुधा जांभळट लाली येते. हीच वेळ. त्याआधी देठ इतका कोवळा असतो की कापल्यावर सडतो. फार थांबलात तर तो लाकडासारखा होऊ लागतो आणि मुळं फुटायला वेळ लागतो, काहींना फुटतच नाहीत. कॅलेंडर बाजूला ठेवा, रोज सकाळी देठ बघा.

ब्लेड नवं कोरं घ्या. कात्रीने देठ चिरडला जातो. बीजपत्रांच्या खाली एक ते दोन सेंटिमीटर देठ ठेवून एका झटक्यात आडवा, सरळ काप द्यायचा. काप तिरका झाला तर मुळं एका अंगाला जास्त येतात, आणि ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच बिघडतं. देठ किती ठेवायचा याचाही विचार करा. तो आखूड ठेवला तर पुढे पहिल्या फांद्या जमिनीजवळ मिळतात, आणि लहान बोन्सायला ते फार शोभतं.

कापलेलं टोक मुळं फुटण्याच्या पावडरीत किंचित बुडवायचं. तिच्यात इंडोल ब्युटिरिक आम्ल असतं, ऑक्झिनच्याच कुळातलं. जादा पावडर झटकून टाका, ढीगभर लावल्याने मुळं ढीगभर येत नाहीत, उलट टोक करपतं. काडीने वाळूत आधी भोक पाडा, मग देठ त्यात सोडा, म्हणजे पावडर पुसली जाणार नाही. वाळू बारीक चाळून धूळ काढलेली हवी. दोन-तीन मिलिमीटरचे कण चांगले, कारण त्यांच्या फटींतून पाण्याइतकीच हवाही खेळते.

त्यानंतरचे आठवडे माणसाची परीक्षा बघतात. रोपं उजेडात पण थेट उन्हापासून दूर, वाऱ्याच्या आडोशाला. हवा दमट, वाळू ओलसर, पाणी साचलेलं मुळीच नको. खत अजिबात नाही, कारण ते घ्यायला मुळंच नाहीत. बीजपत्रं हिरवी आहेत तोवर रोप त्यांच्यावर जगतंय असं समजा. मुळं आली का हे पाहायला रोप उपटून बघू नका, नुकतं फुटलेलं मूळ नखाएवढं आणि काचेसारखं नाजूक असतं. मधला झुबका वाढायला लागला, की खाली काम सुरू झालं. हे साधारण महिना-दोन महिन्यांत कळतं. काही रोपं जातातच. म्हणून दहा झाडं हवी असतील तर बिया पाच-सहापट पेरा.

पुढचा वसंत येईपर्यंत त्यांना हलवू नका. मग एकेक रोप सोडवून मुळं नीट पसरून वेगळ्या कुंडीत लावा. जी मुळं सरळ खाली निघाली असतील ती कापा, आडवी ठेवा. मुळांभोवती पांढऱ्या धाग्यांचं जाळं दिसलं तर बुरशीचा रोग म्हणून धुऊन टाकू नका. पाइनच्या मुळांशी सहजीवन करणारी ती बुरशी आहे. ती झाडाला पाणी आणि खनिजं मिळवून देते आणि झाडाकडून साखर घेते. कुंडी बदलताना जुन्या मातीतली मूठभर नव्या मातीत घालतात, ती यासाठीच.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बुंधा काडीएवढा असतानाच पातळ तार गुंडाळून त्याला खालूनच वळणं द्यायची. नंतर तो ऐकत नाही. आणि खालच्या सुया, म्हणजे पाइनची पानं, जपायच्या, कारण जुन्या, उघड्या लाकडावर पाइन सहसा फुटत नाही. बुंधा जाड करायला एक फांदी मोकाट वाढू देतात आणि काम झाल्यावर कापून टाकतात. सुया लहान करायची जी प्रसिद्ध युक्ती आहे, म्हणजे उन्हाळ्याच्या सुरुवातीला नवे कोंब छाटून दुसरी, आखूड सुयांची फूट आणायची, ती एवढ्या लहान झाडावर करू नका. त्याला आधी अंगात जोर येऊ दे. त्यासाठी काही वर्षं लागतात.

या झाडांचं माहेर बघायचं असेल तर जपानच्या शिकोकू बेटावर तकामात्सू शहराजवळ किनाशी आणि कोकुबुंजी हे भाग आहेत. जपानमधल्या पाइन बोन्सायपैकी सुमारे 80 टक्के तिथून येतात, आणि कुंड्यांबरोबरच शेतात, भाजीसारखी ओळीने लावलेली पाइनची रोपं तिथे दिसतात. टोकियोजवळचं ओमिया हे दुसरं ठिकाण. 1923 च्या भूकंपानंतर टोकियोतल्या बोन्साय माळ्यांनी मोकळी जागा आणि चांगलं पाणी शोधत 1925 मध्ये तिथे वस्ती केली.

आपल्या श्रोत्यांपैकी ज्यांची मुलंबाळं न्यू जर्सीत, कॅलिफोर्नियात किंवा युरोपात आहेत, त्यांना हे झाड तिथल्या अंगणात आणि बाल्कनीत वाढवता येईल, हिवाळा त्याला हवाच असतो. कोकणच्या दमट उष्म्यात मी कुणालाही काळा पाइन लावायला सांगणार नाही. तो काही काळ तग धरतो, पण विश्रांती न मिळाल्याने खंगत जातो. हिमाचल-उत्तराखंडातला चीड पाइन इथली हवा जास्त सोसतो, पण त्याच्या सुया वीतभर लांब, लहान कुंडीत त्या बेढब दिसतात. आणि परदेशातून बी आणायचं असेल तर ते सामानात लपवून आणू नका. भारतात बियाणं आणायला आयात परवाना आणि ज्या देशातून ते येतं तिथल्या सरकारचं पीक-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. बियांबरोबर येणारा एखादा रोग हिमालयातल्या पाइनच्या जंगलात शिरला तर तो थांबवणं कुणाच्या हातात राहणार नाही.