लाल, पिवळा, निळा

श्रोतेहो, नमस्कार.

माझा आवाज ज्या लहरींवरून तुमच्यापर्यंत येतोय, त्या लहरींपासूनच सुरुवात करते. 26 फेब्रुवारी 1935. इंग्लंडमध्ये डॅव्हेंट्रीजवळच्या एका शेतात एक व्हॅन उभी होती. तिच्यात रॉबर्ट वॉटसन-वॉट आणि त्यांचे सहकारी अर्नॉल्ड विल्किन्स एका छोट्या पडद्याकडे डोळे लावून बसले होते. जवळच बीबीसीचं प्रक्षेपण केंद्र. वरून एक बॉम्बर विमान ये-जा करत होतं. केंद्रातून निघालेल्या लहरी विमानावर आपटून मागे फिरल्या आणि पडद्यावरची रेघ हलली. विमान तेरा किलोमीटरवर गेलं तरी पत्ता लागत होता. गाणी-बातम्या पोचवणाऱ्या लहरींनी त्या दिवशी आकाशातलं विमान टिपलं. ब्रिटनच्या रडारची ही सुरुवात.

पाच वर्षांनी तेच रडार कामाला आलं. जून 1940मध्ये फ्रान्स पडला. डोव्हरपाशी ब्रिटन आणि शत्रू यांच्यात राहिला जेमतेम 33 किलोमीटरचा समुद्र. तो ओलांडून सैन्य उतरवायचं, तर हिटलरला आधी आकाश हवं होतं. आकाशासाठीची ही लढाई म्हणजेच ‘बॅटल ऑफ ब्रिटन’. 10 जुलै ते 31 ऑक्टोबर एवढा काळ ती चालली. स्पिटफायर विमानं आणि ती उडवणारी विशीतली पोरं यांच्याबद्दल आपण ऐकलेलं असतं. आज मला बोलायचंय ते जमिनीवर बसून ही लढाई लढणाऱ्यांबद्दल.

अडचण साधी होती. लढाऊ विमानं दिवसभर हवेत घिरट्या घालत ठेवली, तर पेट्रोल संपतं आणि वैमानिक थकतो. शत्रू डोक्यावर आल्यावर उडवली, तर उंची गाठेपर्यंत बॉम्ब पडून गेलेले असतात. म्हणून शत्रू कुठून येतोय, किती आहे, किती उंचीवर आहे, हे आधी कळायला हवं. फायटर कमांडचे, म्हणजे ब्रिटनच्या लढाऊ विमानांच्या दलाचे, प्रमुख ह्यू डाउडिंग यांनी त्यासाठी सगळी साखळी बांधली. किनाऱ्यावर रडारचे उंचच उंच मनोरे. पण त्यांची नजर फक्त समुद्राकडे. शत्रू किनारा ओलांडून आत आला, की काम ऑब्झर्व्हर कोअरचं. जवळजवळ तीस हजार स्वयंसेवक, टेकाडांवर, शेतांत, दुर्बीण घेऊन उभे. दिसलं की फोन.

हे फोन पोचायचे नकाशाच्या मोठ्या टेबलाभोवती उभ्या असलेल्या मुलींकडे. कानाला हेडफोन, हातात लांब दांडी, आणि त्या दांडीनं त्या नकाशावरच्या खुणा सरकवायच्या. भिंतीवरच्या घड्याळात पाच-पाच मिनिटांचे लाल, पिवळे, निळे पट्टे होते. ज्या रंगावर काटा असताना बातमी आली, त्याच रंगाचा बाण टेबलावर. वर बसलेल्या अधिकाऱ्याला एका नजरेत समजायचं, की ही बातमी ताजी आहे की शिळी. इतकी साधी युक्ती! मला तर स्पिटफायरच्या इंजिनापेक्षा हे घड्याळच जास्त थोर वाटतं.

ह्या मुली सुरक्षित जागी बसल्या होत्या असं समजू नका. ऑगस्ट-सप्टेंबरच्या सांध्यावर बिगिन हिलच्या हवाई तळावर हल्ल्यामागून हल्ले झाले. हेलन टर्नर आणि एल्स्पेथ हेंडरसन या दोघी इमारतीवर बॉम्ब पडेपर्यंत आपल्या जागा सोडून हलल्या नाहीत. दोघींनाही मिलिटरी मेडल हे शौर्यपदक मिळालं.

जर्मनांना हे मनोरे दिसत होते. 12 ऑगस्टला त्यांनी व्हेंटनॉरचं रडार केंद्र बंद पाडलंही. पण तीनच दिवसांनी जर्मन हवाई दलाचा प्रमुख गोअरिंग यानं ठरवलं, की मनोऱ्यांवर वेळ घालवण्यात अर्थ नाही. मनोऱ्यांमागे टेलिफोनचं केवढं जाळं आहे, हे त्याच्या लक्षातच आलं नाही.

आणि मग 15 सप्टेंबर. आग्नेय इंग्लंडच्या आकाशाची जबाबदारी असलेले कीथ पार्क, मूळचे न्यूझीलंडचे, लंडनजवळ अक्सब्रिजच्या तळघरातल्या नियंत्रण कक्षात होते. त्या दिवशी चर्चिल तिथे येऊन बसले. टेबलावर बाणांची गर्दी वाढत गेली. राखीव विमानं किती, असं चर्चिलनी विचारलं. पार्क म्हणाले, एकही नाही. त्या संध्याकाळी जाहीर झालं, की शत्रूची 185 विमानं पाडली. युद्धानंतर जर्मन कागद तपासले, तर आकडा साठच्या आसपास निघाला. आकडा चुकला, पण दोनच दिवसांनी हिटलरनं स्वारी बेमुदत पुढे ढकलली.

ह्या लढाईत ब्रिटनच्या बाजूचे 544 वैमानिक आणि त्यांचे सहकारी गेले. बाजू ब्रिटनची, पण माणसं पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, न्यूझीलंड, कॅनडा अशी कुठकुठली. एक आपल्या जवळची गोष्ट. 1941 साली स्पिटफायरची जी 124वी स्क्वाड्रन उभी राहिली, तिच्या नावात ‘बडोदा’ होतं, आपल्या गायकवाडांचं बडोदा.

डाउडिंगना मात्र नोव्हेंबर 1940मध्येच पदावरून दूर केलं गेलं. पुढच्या वर्षी हवाई मंत्रालयानं ह्या लढाईवर पुस्तिका काढली, तर तिच्यात त्यांचं नावच नव्हतं. हे वाचलं, तेव्हा मला फार लागलं.

अक्सब्रिजचं ते तळघर आजही पाहता येतं. 76 पायऱ्या उतरून खाली गेलं, की समोर तेच टेबल. त्यावर 15 सप्टेंबरच्या सकाळचे बाण मांडून ठेवलेत, आणि भिंतीवर लाल, पिवळ्या, निळ्या पट्ट्यांचं ते घड्याळ.

नमस्कार.