मत नसलेल्या बाईंचं अण्वस्त्रमुक्तीचं विधेयक

नमस्कार मंडळी! अमेरिकेच्या संसदेत १९९४ साली एक विधेयक आलं आणि पुढे पुन्हा पुन्हा येत राहिलं. अण्वस्त्रं मोडीत काढा, तो पैसा घरं, आरोग्य, पर्यावरण यांकडे वळवा. मांडणाऱ्या एलेनॉर होम्स नॉर्टन, वॉशिंग्टन शहराच्या प्रतिनिधी. आता गंमत बघा. हे शहर राज्य नाही, त्यामुळे नॉर्टनबाई भाषण करू शकतात, समितीत मत देऊ शकतात, पण सभागृहात अंतिम मतदान आलं की त्यांनी नुसतं बघायचं. कर मात्र शहरवाले सगळे भरतात.

विधेयकाचा उगम फुटपाथवरचा. व्हाइट हाउससमोरच्या लाफायेट पार्कात जून १९८१ पासून विल्यम थॉमस यांनी अण्वस्त्रांविरोधात ठिय्या मांडला होता. त्याच वर्षी कॉन्सेप्सिओन पिचोटो येऊन बसल्या आणि २०१६ मध्ये मरेपर्यंत त्यांनी तो सोडला नाही. या मंडळींनी दारोदार सह्या गोळा केल्या, १९९३ मध्ये शहरभर मतदान घडवलं आणि ५६ टक्के लोक ‘हो’ म्हणाले. तोच कौल नॉर्टनबाईंनी संसदेत नेला.

मग घोंगडं भिजत का पडलं? मला विचाराल तर दोष थोडा मसुद्याचाही. बरीच वर्षं त्यात अट होती: अण्वस्त्रं असलेल्या बाकी सगळ्या देशांनी असाच कायदा केल्यावरच हा लागू होणार. म्हणजे रशिया, चीन, पाकिस्तान, आणि हो, आपणसुद्धा. ‘पहिले आप’ म्हणत सगळे दारातच उभे!

पैसा वळवण्याचा भाग मात्र मला पटतो, कारण असलं काही एकदा खरंच झालंय. त्याच १९९३ साली अमेरिका आणि रशियाचा करार झाला. रशियाच्या सुमारे २० हजार अण्वस्त्रांतलं ५०० टन युरेनियम काढायचं. बॉम्बसाठी त्यात युरेनियम-२३५ हा प्रकार साधारण ९० टक्के लागतो. हा प्रकार फारच कमी असलेलं युरेनियम मिसळून ते प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली आणायचं आणि अमेरिकेच्या अणुभट्ट्यांत जाळायचं. २०१३ पर्यंत हे चाललं. त्या काळात अमेरिकेची साधारण दहा टक्के वीज या इंधनातून आली. ज्या शहरांवर नेम धरला होता, तिथलेच पंखे फिरले!

आणि खर्च? अमेरिकी संसदेच्याच अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज आहे, २०२५ ते २०३४ या दहा वर्षांत अण्वस्त्रांवर ९४६ अब्ज डॉलर.

जुनी उधारी वेगळी. वॉशिंग्टन राज्यातला हॅनफर्डचा जुना बॉम्ब-साहित्याचा कारखाना घ्या (शहर नव्हे, पश्चिमेकडचं राज्य). नागासाकीच्या बॉम्बचं प्लुटोनियम तिथलं. आज तिथे जमिनीखाली १७७ टाक्या आहेत, त्यांत कोट्यवधी लिटर किरणोत्सारी गाळ, काही टाक्या गळक्या. साफसफाईचा करार १९८९ चा. हजारो लोक अजून तिथे कामाला आहेत, म्हणजे बॉम्बचं काम थांबल्यावर परिसर ओस पडला नाही. उद्या नॉर्टनबाईंचं विधेयक मंजूर झालं तरी हॅनफर्डचं बिल भरावंच लागणार. पर्यावरण त्यांच्या यादीत उगाच नाही.