चावी फिरवण्याआधी

नमस्कार मंडळी. गाडीचा विमा कुठल्या कंपनीचा घ्यावा, हा आजचा विषय. पण आधी दादाच्या गाडीचं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाताच येत नाही.

दादानं गाडी घेतली तेव्हा सीट कव्हरचा रंग ठरवायला तीन रविवार गेले. विमा मात्र चार मिनिटांत उरकला. "सगळ्यात स्वस्त कुठला?" एवढाच प्रश्न विचारला त्यानं.

मग एका रात्री पाऊस असा कोसळला की तळघरातल्या पार्किंगमध्ये कमरेइतकं पाणी. सकाळी ओसरलं. दादानं दार उघडलं तर आतून पाण्याची धार, पायाखालचं मॅट पचपचीत. त्यानं काय करावं? सीटवर टॉवेल टाकला, बसला आणि चावी फिरवली. पहिल्यांदा घर्रर्र. दुसऱ्यांदा ठक्क! तो आवाज मी जिन्यात ऐकला. इंजिनात हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर आला, पाणी दबेना, शेवटी पिस्टनला जोडलेला दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकला.

चार दिवसांनी नुकसान तपासायला विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. त्यानं एअर फिल्टर काढला, मुठीत पिळला. पाणी टपकलं. म्हणाला, "वायरिंग, सीट, हे पुराचं नुकसान, ते मिळेल. इंजिन तुम्ही चालू केलंत म्हणून गेलं. ते नाही मिळणार." दादा चिडला, तेव्हा त्यानं पॉलिसीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं. दादा ती ओळ पहिल्यांदाच वाचत होता.

आणि पलीकडच्या खांबाजवळ काकांची गाडी, तेवढ्याच पाण्यात भिजलेली. काकांनी पहाटेच कंपनीला फोन लावला होता. तिकडून पहिलं वाक्य आलं, "सर, चावी लावू नका, टोइंगची गाडी पाठवतो." विम्याचा हप्ता दादापेक्षा थोडा जास्त होता, इंजिनाचं संरक्षण वेगळं घेतलेलं होतं. काकांचं इंजिन वाचलं.

म्हणून सांगतो, हप्ता किती हे बघण्याआधी पॉलिसीत काय नाही ते बघा. पुन्हा सांगतो, काय नाही ते बघा. ब्रिटनमध्ये १९३० च्या कायद्यानं थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला, पुढे इतर देशांतही तसे कायदे आले. पण ती सक्ती तुमची गाडी ज्याला धडकेल त्याच्यासाठी आहे. तुमच्या गाडीची काळजी तुम्हालाच करायची आहे.

दोन कंपन्यांचे हप्ते ताडून बघताना गाडीची किंमत दोन्हीकडे सारखीच धरली आहे ना, अपघातात खिशातून भरायची रक्कम सारखीच आहे ना, हे तपासा. किंमत कमी लावली की हप्ता कमी दिसतोच, त्यात कंपनीची कसली मेहेरबानी! क्लेम मंजूर होण्याचं प्रमाणही बघा, पण किती क्लेम दिले एवढंच त्यातून कळतं. किती दिवसांत दिले, किती कापून दिले, हे गॅरेजवाल्याला विचारा. त्याला सगळ्या कंपन्यांची कुंडली पाठ असते.

  

आधीचा क्लेम लपवून हप्ता वाचवू नका, तेवढ्यावरून पुढचा क्लेम अडकतो. आणि दरवर्षी नूतनीकरणाच्या वेळी दुसरीकडचा दर विचारा. जुनं गिऱ्हाईक म्हणून स्वस्त मिळेलच असं नाही.

दादानं यंदा काय केलं? रात्री साडेअकराला तीन कंपन्यांच्या क्लेमच्या नंबरवर फोन लावला. पहिलीनं "नऊ दाबा" म्हणून फिरवून पुन्हा एकवरच आणलं. दुसरीकडे संगीत वाजत राहिलं. तिसरीकडे एक झोपाळू आवाज म्हणाला, "बोला, गाडी कुठे आहे?" दादा म्हणाला, "घरीच आहे, सहज केला." आणि विमा तिथंच घेतला.