एका कुलपाचं पॅकेज

[टर्मिनल, जवळून]

झरझर वर सरकणाऱ्या या ओळी म्हणजे एक बिल्ड चालू आहे: कोडमधून चालणारा प्रोग्राम तयार होतोय. प्रोग्राम छोटासा. तुम्ही जागेवरून उठलात की स्क्रीन लॉक करायची, परत आलात की पासवर्ड मागायचा. लिहिणाऱ्याने तो लिहून केव्हाच खुला केला. आता तो डेबियनमध्ये यायचाय. १९९३ साली इयान मर्डॉकने सुरू केलेली ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम आजही स्वयंसेवकच चालवतात. प्रोग्राम सहज इन्स्टॉल करता येईल असा बांधून देणं म्हणजे पॅकेज करणं. ते करणारी ही मुलगी त्यांच्यातलीच एक. या कामाचे तिला पैसे मिळत नाहीत.

[फोल्डर उघडतं]

मूळ कोडच्या शेजारी 'डेबियन' नावाचं एक फोल्डर असतं. तिचं सगळं काम त्यात. कंट्रोल फाइलमध्ये कुठल्या लायब्ररी लागतात ते, चेंजलॉगमध्ये काय बदललं ते. आणि ही कॉपीराइटची फाइल. तिच्यासाठी कोडची एकेक फाइल उघडून वरचा मजकूर वाचायचा: कोणी लिहिली, कुठल्या परवान्याखाली दिली. एखाद्या आयकॉनचा परवाना सापडला नाही, तरी पॅकेज अडतं आणि मूळ लेखकाला पत्र जातं. बऱ्याच जणांना ही कटकट वाटते. पण डेबियनमधून काहीही निर्धास्त उचलता येतं, ते कोणीतरी ही कटकट मन लावून केलेली असते म्हणूनच.

[फाइल, पडदाभर]

आता ही चिमुकली फाइल बघा. पासवर्ड बरोबर की चूक, हे हा प्रोग्राम स्वतः ठरवत नाही. पॅम नावाच्या यंत्रणेला विचारतो. कुठले नियम लावायचे, ते या फाइलमध्ये. फेडोरा या डेबियनसारख्याच दुसऱ्या लिनक्स सिस्टिमवर ते नियम 'सिस्टिम-ऑथ' या फाइलमध्ये असतात, डेबियनवर 'कॉमन-ऑथ'मध्ये. मूळ लेखकाने फेडोराचं नाव घातलं होतं. ते तसंच राहिलं तर काय होतं, ते तिने आम्हाला करून दाखवलं. स्क्रीन लॉक झाली. पासवर्ड टाकला, नकार. पुन्हा टाकला, पुन्हा नकार. पासवर्ड अगदी बरोबर होता. शेवटी दुसऱ्या कन्सोलवरून लॉगिन करून प्रोग्राम बंद करावा लागला. घरी एकट्याने लिनक्स शिकणाऱ्याला हे कुठून सुचणार? एका शब्दाचा पॅच, म्हणजे दुरुस्ती. तो तिने मूळ लेखकाकडेही पाठवला.

[मॉनिटरची केबल काढणारा हात]

ही परीक्षा तिची स्वतःची. एक्स-इलेव्हन, म्हणजे लिनक्सवर पडद्यावर विंडो दाखवणारी यंत्रणा. तिच्यावर लॉक म्हणजे सगळ्यांच्या वर पसरलेली एक विंडो आणि त्या विंडोने ताब्यात घेतलेला कीबोर्ड. ती विंडो क्रॅश झाली की मागचं सगळं उघडं. जानेवारी २०२१मध्ये लिनक्स मिंट या सिस्टिमवर तसंच झालं: लहान मुलांनी खेळता खेळता कळा बडवल्या आणि लॉक कोसळलं. म्हणून ती लॉक लावून केबल उपसते, परत खोचते, हाताला येतील त्या कळा दाबून धरते.

लॉक टिकलं.

[अपलोड]

पॅकेज तपासून त्यावर आपली सही करणारा दुसरा डेव्हलपर तिला मिळालाय. आता नव्या पॅकेजांची रांग. तिथे परवाने पुन्हा वाचले जातील. मग अनस्टेबल, म्हणजे डेबियनची नवं सगळं आधी येतं ती शाखा. गंभीर बग निघाला नाही तर काही दिवसांनी टेस्टिंग ही चाचणीची शाखा, आणि तिथून पुढच्या स्टेबलमध्ये, म्हणजे पक्क्या आवृत्तीत. उबुंटू ही सिस्टिम डेबियनवरच उभी असल्याने तिथेही.