फोटोत डावीकडून तिसरी कोण?

नमस्कार. मागच्यांनी थोडं पुढे सरका, तिथून स्क्रीन दिसणार नाही.

हा फोटो बघा. सात बायका, कडेवर एक पोर, मागे लाकडी सज्जा. वडिलांच्या ट्रंकेत होता, मी स्कॅन केला आणि स्कॅनरने त्याला नाव दिलं 'स्कॅन ००३७'. कॉम्प्युटरला विचारलं तर तो सांगतो की हा फोटो १४ मार्च २०१९ चा, कारण स्कॅन त्या दिवशी झालं. मग आत्याला दाखवला. तिने चष्मा पुसला, फोटो जरा लांब धरला आणि म्हणाली, "अरे, हा पानशेतच्या आधीचा. हा आपल्या नारायण पेठेतल्या वाड्याचा सज्जा ना, तो पुरात गेला." पानशेतचं धरण फुटलं १२ जुलै १९६१ ला. आणि कडेवरचं पोर म्हणजे माझा चुलतभाऊ, तो १९६० च्या डिसेंबरचा, फोटोत चांगली मान धरून बसलाय. म्हणजे १९६१ चा उन्हाळा! आत्याची दोन वाक्यं आणि आम्ही तीन-चार महिन्यांच्या आत येऊन पोचलो.

आज मला एवढंच सांगायचंय की तारीख-वेळ मशीन लिहितं, कोण आणि कुठे हे माणसाने लिहायचं, आणि ते माणूस समोर आहे तोवर लिहायचं. बाकीच्या युक्त्या या एका गोष्टीसाठी आहेत.

माझ्याकडे आज साधारण ६४ हजार फोटो आहेत, त्यातले ९०० ट्रंकेतले, बाकी २००४ पासूनचे डिजिटल. कॅमेरा फोटोला नाव देतो डीएससी आणि पुढे चार आकडे, आणि आकडे चारच असल्यामुळे ९९९९ झाले की परत ०००१. म्हणजे एकाच नावाचे दोन वेगळे फोटो तुमच्याकडे असतातच. एका मित्राने जुनं कार्ड आणि नवं कार्ड एकाच फोल्डरमध्ये ओतलं, कॉम्प्युटरने विचारलं रिप्लेस करू का, घाईत हो म्हटलं आणि हरिश्चंद्रगडचा अर्धा ट्रेक गेला. म्हणून कार्डवरून उतरवल्या उतरवल्या नाव बदला, आणि नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग वेळ. २०१४-०७-१९, असं. आपण बोलताना १९ जुलै म्हणतो पण कॉम्प्युटर डावीकडून वाचतो, दिवस आधी टाकला तर सगळ्या महिन्यांच्या एक तारखा एका ठिकाणी गोळा होतात आणि दिवाळीच्या शेजारी गुढीपाडवा येऊन बसतो. तारखेपुढे गाव आणि प्रसंग, बास. हे हाताने करत बसायचं नाही, एक्झिफटूल नावाचं फुकट सॉफ्टवेअर हजार फोटोंना एका फटक्यात नावं देतं.

ती तारीख ते घेतं फोटोच्या पोटातून. फोटो काढताना कॅमेरा फाइलमध्येच तारीख, वेळ, लेन्स वगैरे लिहून ठेवतो, त्याला एक्झिफ म्हणतात, १९९५ साली जपानमध्ये ठरलेली पद्धत आहे ही. पण घड्याळ बरोबर असेल तरच तिचा उपयोग! भाचीच्या लग्नात दोन कॅमेरे होते, एकाचं घड्याळ ११ मिनिटं पुढे. सगळे फोटो वेळेप्रमाणे लावले तर आधी हार घातले, पंगत बसायच्या बेताला आली, आणि मग अंतरपाट धरलाय. दोन्ही कॅमेऱ्यांत अक्षता हवेत असलेला एकेक फोटो होता, तो जुळवून फरक काढला आणि एका कॅमेऱ्याचे सगळे फोटो ११ मिनिटं मागे घेतले. तेव्हापासून कुठल्याही कार्याला गेलं की मी सगळ्या कॅमेऱ्यांतून आधी एकाच भिंतीवरच्या घड्याळाचा फोटो काढून ठेवते. तुम्हीही ठेवा, खूप वाचतं.

व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोत हे एक्झिफ उडालेलं असतं आणि फोटोही लहान झालेला असतो, नावातली तारीख फोटो काढल्याची असेलच असं नाही. ज्याने काढला त्याला सांगा, बाबा रे डॉक्युमेंट म्हणून पाठव, मग मूळ फाइल येते.

आता नावं कुठे लिहायची. इथे मी रडलेली आहे. दोन वर्षं रोज रात्री बसून एका सॉफ्टवेअरमध्ये चेहऱ्यांना नावं दिली, कॉम्प्युटर बदलला, फोटो सगळे नीट आले आणि नावं एकही नाही, कारण ती त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या वहीत होती, फोटोत नव्हती. गूगल फोटोजमध्ये चेहऱ्याला दिलेलं नावसुद्धा फोटोच्या फाइलमध्ये जात नाही. म्हणून कॅप्शन आणि टॅग फाइलमध्येच लिहिणारं काहीतरी वापरा, मी डिजीकॅम वापरते, फुकट आहे, फक्त सेटिंगमध्ये 'फाइलमध्ये लिही' हे चालू केलंय का ते आधी बघा. जुने लोक फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने लिहायचे ना, तेच आहे हे. फोटो जाईल तिकडे नाव जातं.

आणि नाव लिहायचं म्हणजे काय लिहायचं, यावर मी फार विचार केलाय. सुरुवातीला मी 'आत्या' लिहायचे. माझ्या मुलीसाठी ती आत्याआजी, तिच्या मुलांना तर काहीच कळणार नाही की कोणाची आत्या. म्हणून पूर्ण नाव. आणि बायकांचं पूर्ण नाव म्हणजे दोन नावं! १९६१ च्या या फोटोतली डावीकडून तिसरी, हिचं माहेरचं नाव वेगळं, लग्नानंतर आडनाव बदललं आणि तांदळाच्या ताटात सोन्याच्या अंगठीने लिहून पहिलं नावही बदललं. माहेरचे फोटो एका नावाने, सासरचे दुसऱ्या नावाने, म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी त्या दोन बायका, आणि लग्नाआधीची ती कुठेतरी गायबच होते. माझ्या घरातल्या निम्म्या बायका अशा हरवल्या असत्या. मी प्रत्येकीला दोन्ही नावं टॅग करते, माहेरचं आधी.

स्पेलिंगची एक वही करा. डब्ल्यूने वारी, व्हीने वारी, दोन ए घालून वारी, माझ्याकडे तीन वाऱ्या होत्या, एक शोधली की बाकी दोन सापडायच्या नाहीत. आता फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत, एकच स्पेलिंग, आणि आतलं कॅप्शन मराठीत.

बॅकअपचं थोडक्यात, तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागांवर, त्यातली एक घराबाहेर. माझी एक डिस्क बहिणीकडे नाशिकला असते, दिवाळीत अदलाबदल करतो.

लोक विचारतात ६४ हजारांना कुठून हात घालायचा. २००४ पासून ओळीने अजिबात नको, मोबाइलमधले फोटो थांबतील, त्यांना तारखा आहेत. घरात सगळ्यात वयस्कर कोण त्यांच्यापासून सुरू करा. मी आत्याकडे दर रविवारी जायचे, एका वेळी वीसच फोटो, त्यापुढे ती दमायची. फोटो टीव्हीवर मोठा करायचा, मोबाइलवर तिचं बोलणं रेकॉर्ड करायचं आणि ती 'कोण बरं ही' म्हणाली की गप्प बसायचं, आपण नाव सुचवलं की ती हो म्हणून मोकळी होते. नाव आठवलं नाही तरी ती दागिना ओळखायची, "ही चिंचपेटी माझ्या काकूची", मग ती गळ्यात घातलेली बाई कोण हे दहा मिनिटांनी यायचं.

आत्या मागच्या श्रावणात गेली. ९०० पैकी ४१ फोटो अजून बिननावाचे आहेत. तिची मैत्रीण, त्याच वाड्यात राहायची, आता मुलाकडे साताऱ्याला असते, पंच्याऐंशीच्या पुढे आहे. येत्या शनिवारी लॅपटॉप घेऊन तिच्याकडे जातेय.