फाटकावरचा कॅमेरा आणि हॉलमधला राऊटर

(नागपुरात मानेवाडा भागातल्या रहिवाशांसमोर उन्हाळ्याच्या तोंडावर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. मार्च संपत आला की आपल्या नागपुरात माळ्यावरचे कूलर खाली उतरतात आणि बर्डीच्या दुकानांतून कॅमेरे घरोघरी जातात. पोरांच्या परीक्षा संपल्या की कोणी गावी लग्नाला, कोणी पुण्याला लेकाकडे जातं आणि घराला कुलूप लागतं. म्हणून दोन-तीन हजारांचा वायफाय कॅमेरा आणला जातो, आणि पहिल्याच संध्याकाळी मला फोन येतो, ‘भाऊ, मोबाइलवर नेट फुल्ल येऊन राह्यलं, पण कॅमेरा काही जोडूनच नाही राह्यला.’

बहुतेक वेळा कॅमेरा चांगलाच असतो. राऊटरही चांगलाच असतो. अडचण अशी असते की दोघं रेडिओ लहरींच्या वेगवेगळ्या पट्ट्यांवर, म्हणजे बँडवर, बोलत असतात आणि हे घरात कोणालाच दिसत नाही.

तुमच्या घरी फायबरवाल्याने जो डबा लावला आहे, तो आजकाल बहुधा ड्युअल बँड असतो. म्हणजे त्याच्यात दोन रेडिओ असतात, एक 2.4 गिगाहर्ट्झचा आणि दुसरा 5 गिगाहर्ट्झचा. यातला 5 वेगवान, पण भिंती ओलांडताना त्याचा दम लवकर संपतो. 2.4 हळू, पण दूर जातो. आणि बाजारातले बहुतेक घरगुती कॅमेरे फक्त 2.4 वरच चालतात. त्यांच्या आतल्या चिपमध्ये 5 चा रेडिओच नसतो. अलीकडे दोन्ही पट्ट्यांवर चालणारे कॅमेरेही मिळतात, पण ते थोडे महाग पडतात. खोक्यावर बारीक अक्षरांत हे लिहिलेलं असतं, विकत घेण्याआधी तेवढं वाचा. एक खुलासा इथेच करतो. राऊटरच्या नावापुढचं ‘5जी’ आणि तुमच्या सिमकार्डाचं 5जी यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. राऊटरवर ते 5 गिगाहर्ट्झ असतं, मोबाइलवर ती पाचवी पिढी.

आता कॅमेरा जोडताना होतं काय? तुम्ही अॅप उघडता. अॅप तुमच्या वायफायचं नाव आणि पासवर्ड घेऊन मोबाइलच्या पडद्यावर क्यूआर कोड काढतं, तो तुम्ही कॅमेऱ्यासमोर धरता. कॅमेरा भिंगातून तो वाचतो आणि त्या नावाचं वायफाय हवेत शोधू लागतो. आता तुमचा मोबाइल ‘5जी’ शेपटीच्या नावाला जोडलेला असेल, तर अॅप तेच नाव आपोआप भरतं. कॅमेऱ्याला ते नाव हवेत सापडणारच नाही. तो बिचारा तीन मिनिटं शोधतो आणि ‘कनेक्शन फेल्ड’ म्हणतो. तुम्ही पासवर्ड पुन्हा टाकता, पुन्हा तेच. पासवर्डचा त्यात काहीच दोष नसतो.

दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. नवे राऊटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतात आणि कोणाला कुठे बसवायचं ते स्वतः ठरवतात. सेटिंगमध्ये याला ‘स्मार्ट कनेक्ट’ किंवा ‘बँड स्टिअरिंग’ म्हणतात. मोबाइल आणि लॅपटॉपसाठी हे छान आहे. क्यूआरवाला कॅमेराही अशा ठिकाणी बरेचदा जोडला जातो. पण काही कॅमेरे क्यूआर वापरत नाहीत. मोबाइल हवेतून संदेश सोडतो आणि कॅमेरा तो ऐकून नाव-पासवर्ड घेतो. मोबाइल 5 वर बसलेला असला, तर तो संदेशही 5 वरच जातो आणि कॅमेरा बहिरा राहतो.

याला माझा उपाय साधा आहे, आणि मी तो सगळ्यांना सारखाच सांगतो. राऊटरचं पान उघडा. ब्राउझरमध्ये 192.168.1.1 किंवा 192.168.0.1 टाकायचं असतं, नेमकं काय ते राऊटरच्या पोटाखालच्या चिठ्ठीवर छापलेलं असतं. तिथे स्मार्ट कनेक्ट बंद करा आणि दोन पट्ट्यांना दोन नावं द्या. मोबाइल 2.4 च्या नावाला जोडा, मग कॅमेरा जोडा. काम झालं की मोबाइल परत 5 वर न्या, कॅमेऱ्याला त्याने काही फरक पडत नाही. काही डब्यांमध्ये हे सेटिंग कंपनीने ग्राहकासाठी बंद ठेवलेलं असतं. तिथे ‘गेस्ट नेटवर्क’, म्हणजे पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय, फक्त 2.4 वर चालू करून तेच कॅमेऱ्यांसाठी राखून ठेवा. उलट मला ते जास्त आवडतं, का ते पुढे सांगतो.

नाव ठेवताना हौस आवरा. मराठी नाव ठेवता येतं, पण वायफायच्या नावाला 32 बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचं प्रत्येक अक्षर किंवा मात्रा 3 बाइट खाते. दहा चिन्हांत जागा संपते. शिवाय स्वस्त कॅमेऱ्यांना इंग्रजीशिवाय दुसरी लिपी, मधली रिकामी जागा, पासवर्डमधली चित्रविचित्र चिन्हं पचत नाहीत. कॅमेऱ्यांच्या नेटवर्कचं नाव साध्या इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत ठेवा. पासवर्ड लांब ठेवा, पण अक्षरं आणि आकडे एवढंच. सुरक्षेच्या खान्यात नुसतं डब्ल्यूपीए3, म्हणजे वायफायचं नव्या पद्धतीचं कुलूप, निवडलेलं असेल तर जुना कॅमेरा जोडला जाणार नाही, तिथे त्याच्या आधीचं डब्ल्यूपीए2 निवडा.

चॅनलचं, म्हणजे पट्टीतल्या छोट्या गल्ल्यांचं, एक कोडं सांगतो. आपल्याकडे 2.4 मध्ये 13 चॅनल वापरता येतात, अमेरिकेत सहसा 11 पर्यंतच. कोणाचा मुलगा अमेरिकेहून येताना कॅमेरा घेऊन येतो, तो त्याच्या घरी चालत असतो आणि इथे कधी जोडला जातो, कधी गायब होतो. राऊटर ‘ऑटो’वर असला आणि रात्रीतून 12 किंवा 13 वर जाऊन बसला, तर त्या कॅमेऱ्याला तो दिसेनासा होऊ शकतो. म्हणून चॅनल ऑटो न ठेवता 1, 6 किंवा 11 यांपैकी एक ठरवून द्या. हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. आणि चॅनलची रुंदी 20 मेगाहर्ट्झ ठेवा. 40 ठेवली की तुमच्यासकट शेजारच्या चार घरांचा गोंधळ होतो. फ्लॅट स्कीममध्ये राहणाऱ्यांनी हे खास लक्षात घ्यावं.

आता भिंतींकडे येऊ, कारण नागपूरची घरं काही एका साच्यातली नाहीत. महालात, इतवारीत जुने वाडे आहेत. हातभर रुंद भिंती, आत माती, विटा, कुठे दगड. एका खोलीतला 5 गिगाहर्ट्झ शेजारच्या खोलीत पोहोचला तर नशीब. बेसा, मानेवाड्याकडची नवी घरं वेगळी. भिंती पातळ, पण स्लॅबमध्ये सळई, समोर पार्किंगवर टिनाचं शेड आणि लोखंडी फाटक. लोखंड तर रेडिओ लहरींना जाऊच देत नाही. आणि राऊटर कुठे असतो? टीव्हीच्या मागे, नाहीतर लोखंडी कपाटावर, नाहीतर वायर जिथून आत आली त्या कोपऱ्यात. तो मध्यावर, उंचावर, मोकळ्यात आणा. एवढ्याने अर्ध्या तक्रारी मिटतात.

खास आपल्या गावची तक्रार अशी, की हिवाळाभर चाललेला फाटकावरचा कॅमेरा एप्रिलमध्ये तुटू लागतो. लोक म्हणतात उन्हाने झालं. ऊनही कारण असतंच, पण आधी खिडकी बघा. हॉलच्या खिडकीतून राऊटरचा सिग्नल सहज बाहेर जात होता, कारण भिंतीत तीच एक मोकळी जागा होती. तिथे तुम्ही पत्र्याचा कूलर आणून ठेवला. तिन्ही बाजूंना ओल्या गवताच्या टाट्या, खाली पाण्याची टाकी. पत्रा लहरींना परतवून लावतो आणि पाणी त्यांचा जोर शोषून घेतं. सिग्नलची वाटच बंद झाली. कूलर काढा असं मी नागपुरात म्हणणार नाही, मला घरी सुखरूप जायचंय. राऊटर दुसऱ्या खिडकीकडे सरकवा, नाहीतर फाटकाच्या बाजूच्या खोलीत 2.4 चा एक रिपीटर, म्हणजे सिग्नल पुढे पोहोचवणारा डबा, लावा.

यावर कोणीतरी म्हणतंच, ‘पण फाटकापाशी माझ्या मोबाइलवर तर सगळ्या कांड्या दिसतात.’ मैदानावरचा लाऊडस्पीकर तुम्हाला दूरवर ऐकू येतो, म्हणून तिथून मारलेली तुमची हाक मंचावर ऐकू जाते असं नाही. मोबाइलवरच्या कांड्या राऊटरचा आवाज तुमच्यापर्यंत येतो एवढंच सांगतात. कॅमेऱ्याचं काम उलटं आहे, त्याला चित्र पाठवायचं असतं, तेही बोटभर अँटेनातून. कॅमेऱ्याच्या अॅपमध्ये सिग्नलचा आकडा दिसत असेल तर तो बघा. तो उणे डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलचा जोर मोजायच्या मापात असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे 60 च्या आसपास असला तर निवांत राहा. उणे 70 ला काठावर. उणे 75 च्या पलीकडे गेला की रात्रीबेरात्री तुटणार हे धरून चला.

वेगाचं म्हणाल तर लोक उगाच घाबरतात आणि दुकानदार उगाच महाग राऊटर गळ्यात मारतात. फुल एचडी कॅमेऱ्याला साधारण दीड-दोन एमबीपीएस लागतात. चार कॅमेरे एकदम बघितले तरी सात-आठ. 2.4 ची पट्टी हे सहज पेलते, आणि बहुतेक कॅमेरे तुम्ही बघत असाल किंवा हालचाल झाली तरच नेटवर चित्र पाठवतात. कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डाचा हिशोब मात्र करा. दीड एमबीपीएसने दिवसभर सलग रेकॉर्डिंग केलं तर 16 जीबीच्या आसपास भरतात, म्हणजे 64 जीबीच्या कार्डात जेमतेम चार दिवस. तुम्ही पंधरा दिवस गावी, आणि चोरी तिसऱ्या दिवशी झाली, तर परत येईपर्यंत त्यावर नवं रेकॉर्डिंग चढलेलं असेल. मोठं कार्ड घ्या, आणि कॅमेऱ्यांसाठी बनवलेलं ‘हाय एन्ड्युरन्स’ घ्या. मोबाइलचं जुनं कार्ड सततच्या लिहिण्याने लवकर मरतं.

उन्हाचं आता. मे महिन्यात आपला पारा 45 च्या वर जातो, आणि बऱ्याच कॅमेऱ्यांची मर्यादा 45 किंवा 50 अंश लिहिलेली असते. ती हवेची, सावलीतली. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारी थेट ऊन खाणारा डबा आतून कितीतरी जास्त तापतो. सज्जाखाली लावा, जमलं तर पूर्वेला किंवा उत्तरेला.

एक भानगड वायफायची वाटते पण नसते. कॅमेरा दिवसभर ठीक, अंधार पडला की दर पाच मिनिटांनी बंद-चालू. याचं कारण वायर. घरातल्या चार्जरपासून फाटकापर्यंत लोकांनी दहा-बारा मीटरची बारीक यूएसबी वायर ओढलेली असते. दिवसा भागतं. रात्री अंधारात बघण्यासाठी इन्फ्रारेड दिवे लागतात, करंट वाढतो, वायरमध्येच व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा बसतो. अॅडॉप्टर कॅमेऱ्याजवळ न्या. राऊटर बदलून काही होणार नाही.

लाईट गेली तर? राऊटरसाठी 12 व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. पण तुमच्याकडे फायबरचा डबा वेगळा आणि राऊटर वेगळा असेल, तर दोन्हींना बॅकअप हवा. नुसता राऊटर जागा ठेवून उपयोग नाही. कॅमेऱ्याची वायर इन्व्हर्टरच्या पॉइंटवर घ्या.

आता गेस्ट नेटवर्क मला का आवडतं ते. ऑक्टोबर 2016 मध्ये अमेरिकेतल्या अनेक मोठ्या वेबसाइट काही तास बंद पडल्या. हल्ला करणारी यंत्रं कोणती होती? जगभरातले घरगुती कॅमेरे, त्यांचं रेकॉर्डिंग साठवणारे डीव्हीआर आणि राऊटर. ‘मिराय’ नावाच्या व्हायरसने त्यांच्यात शिरायला काही मोठी अक्कल लावली नव्हती, कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदललेच नव्हते. म्हणून पहिल्या दिवशी पासवर्ड बदला, अॅपमध्ये दुहेरी पडताळणी चालू करा, अपडेट आलं की घ्या. कॅमेरे गेस्टवर ठेवले तर त्यातला एखादा बिघडला तरी तुमच्या लॅपटॉपपर्यंत पोहोचणं त्याला अवघड जातं. आपल्या सरकारनेही एप्रिल 2025 पासून सीसीटीव्हीसाठी सुरक्षेच्या चाचण्या सक्तीच्या केल्या आहेत. तेव्हा बेनाव कॅमेरा स्वस्त मिळतो म्हणून उचलू नका. आणि कॅमेरा शेजारच्या काकूंच्या दारावर किंवा गच्चीवर रोखू नका. आपलं फाटक आणि आपलं अंगण, बस्स.

चिठ्ठ्यांवर आलेल्या प्रश्नांपैकी दोनच घेतो, वेळ झालीय. पहिला, ‘कंपनी बदलली, नवा राऊटर आला, सहाही कॅमेरे पुन्हा जोडायचे का?’ नाही. नव्या राऊटरच्या 2.4 ला जुन्याचंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, अक्षर न अक्षर तसंच, लहान-मोठ्या लिपीसकट. सुरक्षेचा प्रकारही तोच ठेवा. कॅमेरे पाच-दहा मिनिटांत आपले आपण येतात. शिडी काढावी लागत नाही.

दुसरा, ‘आमचं बांधकाम चालू आहे, काय करू?’ तर मग काका, वायफायचा विचार फाटकासाठी सोडाच. प्लास्टर होण्याआधी फाटकापर्यंत आणि गच्चीपर्यंत पाइप टाकून घ्या, त्यात कॅट-6 ही नेटवर्कची वायर ओढा. 100 मीटरपर्यंत तीच एक वायर कॅमेऱ्याला वीजही देते आणि चित्रही आणते, याला पीओई म्हणतात. इलेक्ट्रिशियनला मात्र आजच सांगा, लाईटच्या वायरच्या पाइपातून ती ओढू नको म्हणून.