देवळालीचा गालिचा, भद्रकालीची दुरुस्ती

(दृश्य: भद्रकालीतलं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. टेबलावर लांब दांड्याचा, कापडी पिशवीचा जुना व्हॅक्यूम क्लीनर.)

मिक्सर, पंखे, पाण्याच्या मोटरी भरून देणाऱ्या दुकानांची नाशिकच्या भद्रकालीत कमी नाही. आज मात्र इथे जरा वेगळं गिऱ्हाईक आलंय. हूवर ज्युनिअर. विलायती बनावटीचा, उभ्याने ढकलायचा व्हॅक्यूम क्लीनर. देवळाली कॅम्पातल्या एका जुन्या बंगल्यातून रिक्षात आडवा पडून आलाय, सोबत त्याच्या मालकीण काकू.

आपल्याकडे व्हॅक्यूम क्लीनर म्हटलं की चाकांवरचा डबा आणि लांब नळी आठवते. युरेका फोर्ब्सची माणसं १९८२ पासून दारोदार फिरली, त्यांनी घरोघरी पोचवलं ते हेच रूप. उभा क्लीनर मुळात गालिच्यासाठी, आणि आपल्या घरात शहाबादी नाहीतर टाइल्स. पण देवळालीची गोष्ट वेगळी. लष्कराची छावणी, पारशी सॅनेटोरियम, ऐसपैस बंगले. तिथे दिवाणखान्यात गालिचा असे, आणि तो झटकायला कधीकधी असं यंत्रही.

(दृश्य: दांड्यावरची पुसट झालेली अक्षरं.)

याचा मूळपुरुष अमेरिकेतला. ओहायो राज्यातल्या कँटन गावात जेम्स मरे स्पँगलर एका मोठ्या दुकानात झाडलोट करायचे. त्यांना दमा होता, धुळीने जीव नकोसा व्हायचा. पंख्याची मोटर, लाकडी खोका, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून त्यांनी यंत्र बनवलं. १९०८ मध्ये पेटंट मिळालं, आणि ते विकत घेतलं चामड्याच्या वस्तू बनवणाऱ्या विल्यम हूवर यांनी. स्पँगलर यांचं नाव मागे पडलं, हूवर हे इंग्लंडात क्रियापदच होऊन बसलं. आपल्या टेबलावरचा ज्युनिअर लंडनच्या पेरिव्हेल भागातल्या कारखान्याचा. १९३३ साली सुरू झालेल्या त्या देखण्या इमारतीत आता लोक फ्लॅट घेऊन राहतात.

(दृश्य: प्लगचा क्लोज-अप.)

प्लग बघा. तीन गोल पिना. इंग्लंडने १९४७ मध्ये चौकोनी पिनांचं मानक आणलं, आपण गोलच ठेवल्या. त्यामुळे हा पाहुणा आपल्या बोर्डात थेट बसतो, आणि २३० व्होल्टवर बिनतक्रार चालतो. अमेरिकेतून आणलेलं यंत्र असं लावलं तर मोटर तिथल्या तिथे जळेल. त्याला ११० व्होल्टचा, पुरेशा वॅटचा ट्रान्सफॉर्मर लागतो.

बसतो म्हणून लगेच लावायचा मात्र नाही. दुकानदारांना सगळे मामा म्हणतात. ते आधी वायर वाकवून बघतात. रबर कडक होऊन तडकलंय, आतली तांब्याची तार दिसतेय.

"काकू, ही वायर घरी लावून बघितली का?"

"नाही हो मामा. आमच्या ह्यांनी लावू दिली नाही."

"शहाणा माणूस!"

नवी तीन तारांची वायर पडते. लाल, काळी, हिरवी. हिरवी यंत्राच्या धातूच्या अंगाला पक्की आवळायची. नंतर सिरीजचा बल्ब, म्हणजे तपासायच्या वायरीत मध्ये जोडलेला दिवा. वीज बॉडीत उतरत असेल तर तो पेटतो. बॉडीला लावल्यावर बल्ब पेटला नाही, तरी मामांचं समाधान नाही. मेगर, म्हणजे वीज कुठे गळते का ते मोजणारं यंत्र, लावून इन्सुलेशन तपासल्यावरच पुढचं काम.

(दृश्य: यंत्र उलटं. खालची पत्र्याची प्लेट निघते. केसांनी गच्च भरलेला ब्रशचा रोल.)

या यंत्राचं खरं मर्म इथे आहे. नुसती हवा ओढून गालिच्यातली रेती निघत नाही. ओढीने गालिचा किंचित वर उचलला जातो, फिरणारा रोल त्याला ठोके देतो, खोल बसलेले कण सुटतात, मग ब्रश त्यांना पंख्याकडे ढकलतो. हूवरने ठोके देणाऱ्या पट्ट्या १९२६ पासून बसवायला सुरुवात केली.

रोल फिरतो एका रबरी बेल्टवर, आणि निम्म्या तक्रारींचं मूळही तोच. मोटरचा फिरता दांडा आणि रोल एकमेकांना आडवे. म्हणून बेल्टला मध्ये एक पीळ द्यावा लागतो. पीळ उलटा पडला तर रोल उलटा फिरतो आणि कचरा आत येण्याऐवजी पुढे उडतो. प्लेटवर बाण काढलेला असतो, तो बघायचा. सैल बेल्ट घसरतो, रबर जळाल्याचा वास येतो, मोटर गरगरते आणि रोल ढिम्म. सायकलच्या ट्यूबची रिंग कापून चढवायचा सल्ला मामांना कुणीतरी दिला होता. "दोन मिनिटं चालेल," एवढंच ते म्हणाले.

रोलला गुंडाळलेले केस शिवणाची कात्री आडवी घालून कापायचे, ओढायचे नाहीत. ब्रशचे केस झिजून प्लेटच्या आत गेले असतील तर ते गालिच्याला टेकतच नाहीत. मग मोटर कितीही ताकदीची असली तरी काय उपयोग?

मोटरकडे वळू. कार्बन, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे छोटे ठोकळे, काढून बघितले. पाव इंचाच्या आत आले असतील तर बदलायचे. नेमक्या मापाचे मिळत नाहीत. ड्रिल मशीनचे जरा मोठे घ्यायचे आणि पॉलिश पेपरवर घासून बसवायचे. कार्बन ज्यावर घासतात त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्याला, म्हणजे कम्युटेटरला, मात्र एमरीचा घासकागद लावायचा नाही. एमरीचे कण वीज वाहून नेतात, पट्ट्यांच्या मधल्या फटीत अडकले की शॉर्ट. चालताना कार्बनपाशी बारीक निळसर ठिणग्या दिसल्या तर घाबरू नका. कम्युटेटरभोवती आगीचं कडंच दिसू लागलं तर लगेच बंद करा.

(दृश्य: पंख्याची पाती, एका पात्याला खोल खाच.)

ही खाच बहुतेक नाण्याची. या बनावटीत कचरा आधी पंख्यातून जातो, मग पिशवीत. नाणं, टाचणी, खडा, सगळं थेट पात्यांवर आदळतं. पातं तुटलं की तोल जातो, यंत्र थरथरतं, पुढे बेअरिंग खराब होतं. त्यामुळे आधी हाताने वेचायचं, मग यंत्र फिरवायचं.

रांगोळी आणि सिमेंटची धूळ याने ओढू नये, असं माझं ठाम मत. दगडाची ती भुकटी कापडाच्या छिद्रांत बसते, हवा निघेनाशी होते, उरलेली खोलीभर उडते. पिशवी अर्धी भरली की अंगणात नेऊन झटकावी. धुऊ नये, धुतल्याने कापडाची वीण सैल होते. श्रावणातली नाशिकची दमट हवा तिला मानवत नाही. रिकामी करून, कोरडी करूनच ठेवावी.

(दृश्य: देवळाली. मिर्झापुरी गालिच्यावर यंत्र चालू आहे.)

ढकलायची घाई करायची नाही. रोलच यंत्राला पुढे ओढतो, आपण फक्त आवरायचं, आणि मागे घेताना जास्त सावकाश. कडेचे गोंडे मात्र सांभाळा, रोलने एक पकडला की सगळी कड उसवते. काकू कडेपाशी आल्या की यंत्र उचलून घेतात, हे कुणी शिकवलेलं नाही.

काकूंची भाची इंग्लंडात असते. दिवाळीला येताना तिने बेल्ट आणायचे ठरलंय. मामांनी प्लेटवरचा मॉडेल नंबर कागदावर उतरवून दिला.

"चार सांगा. आणि राहिलेले उन्हात नका ठेवू, काकू. रबर आहे, डब्यात घालून कपाटात ठेवा."

"यंत्राला काही?"

"महिनाभर वापरणार नसाल तर बेल्ट मोटरच्या दांड्यावरून उतरवून ठेवा. ताणलेला राहिला की लांबतो."